खाडीपलीकडचा रविवार

गोराईच्या खाडीपलीकडे मोठमोठ्या पाळण्यांचं ते पार्क उघडलं तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्या दहिसरच्या चाळीत जो तो तिथे जाऊन आल्याच्या गोष्टी सांगत होता. एकदा तिकीट काढलं की आत कितीही वेळा बसा, हे जत्रेत एकेका फेरीसाठी हात पसरणाऱ्या आमच्या लोकांना खरंच वाटत नव्हतं.

आमच्या घरात हे वेड माझ्या धाकट्या बहिणीला लागलं. तिच्या काळजाची झडप खराब होती. जिना चढली तरी ओठ निळे पडायचे. ऑपरेशन ठरलं होतं, पुढच्याच आठवड्यात तिला भरती करायचं होतं. डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन काय सांगितलं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून बाबांचं तिच्यावर ओरडणं बंद झालं. त्यावरून ती काय ते समजली. "भरती व्हायच्या आधी मला एकदा तिकडे न्या," एवढंच ती म्हणाली. साधे पाळणे चालतील, पळापळ नको, असं डॉक्टर म्हणाले, मग नाही म्हणायची कुणाची छाती होती?

बेत तिनंच आखला. चाळीतलं जे कुणी जाऊन आलं असेल त्याची ती वकिलासारखी उलटतपासणी घ्यायची. सावली कुठे आहे, गर्दी कुठे तुंबते, जेवायला कुठे बसता येतं. सगळे लोक आत शिरल्या शिरल्या पहिल्याच पाळण्यापाशी अडकतात, म्हणून आपण हळूहळू थेट शेवटच्या टोकाला जायचं आणि उलटं यायचं, असं तिनं ठरवलं. रांगेत उभं राहणं तिला झेपणार नव्हतं. म्हणून एका रांगेत बाबा, पुढच्या रांगेत मी, आणि ती आईबरोबर सावलीत बसणार, नंबर आला की उठणार. बाबा गिरणी बंद पडल्यापासून वॉचमनची नोकरी करत होते. ते म्हणाले, "उभं राहण्यातच जन्म गेला माझा, त्यात काय!" ती इतकी हसली की तिला धाप लागली.

दिवस मात्र आईनं निवडला. ओहोटीला होडी धक्क्यापर्यंत येत नाही, चिखलातून चालावं लागतं, असं कुणीतरी सांगितलं होतं आणि चिखलात तिचा जीव कासावीस झाला असता. आई कोकणातल्या खाडीकाठची. तिथीवरून भरतीची वेळ काढणं तिला तोंडपाठ. एकादशी-द्वादशीच्या सुमाराला सकाळी होडीच्या वेळेला खाडी भरलेली असते, आणि असा रविवार तिला हॉस्पिटलात भरती करायच्या आधी एकच येत होता.

शनिवारी संध्याकाळी आई पुऱ्यांचं पीठ मळत होती. दारात आमच्या गावचा एक माणूस येऊन उभा राहिला, बाबांच्या भावकीतला, वाकोल्याला राहणारा. आई म्हणाली, "आत येवा." तो आत येईना. पाणी पुढे केलं, तर घेईना. मरणाची बातमी आणणारा माणूस उंबरा ओलांडत नाही आणि पाणी घेत नाही, ही आमच्याकडची रीत. आईनं तांब्या खाली ठेवला.

सुतक लागतं ते कानावर पडल्यापासून. माहीतच नाही, तर सुतकही नाही. आईनं पिठाचेच हात जोडले आणि दबक्या आवाजात म्हणाली, "काय एक बोलू नकात. उद्या सांजेक या नि सांगा. तुमच्या पाया पडतंय."

तो बिचारा खरंच परत फिरला होता. पण बाबांनी आतून पाहिलं. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "काय रे, काय झालं?"

"थोरलो काको गेलो," तो म्हणाला.

तो काका म्हणजे बाबांचा चुलत चुलत काका. मी त्याला जन्मात पाहिलं नव्हतं. पण भावकी ती भावकी. बाबा आत येऊन म्हणाले, "उद्याचं राहू दे. घरातलं माणूस गेलंय आणि आपण झोके खायला जायचं? गावात तोंड कसं दाखवू?" मी भांडले. गावानं तुम्हाला काय दिलं, असंही म्हटलं. सुतकात हॉस्पिटल चालतं, पाळणा तेवढा चालत नाही, हा कुठला न्याय ते मला आजही कळलेलं नाही. आईनं पुऱ्यांसाठी मळलेल्या पिठाच्या पोळ्या लाटल्या. बहीणही भांडली नाही. "बरी झाल्यावर जाऊ ना," असं तीच बाबांना म्हणाली, आणि ते मला अजिबात सहन झालं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आम्ही वॉर्डात गेलो, तर ती शेजारच्या खाटेवरच्या मुलीला सांगत होती, "आम्ही शेवटच्या टोकापासून सुरुवात केली. गर्दीच नव्हती. वरून खाली येताना पोटात गोळा येतो गं, पण धाप लागत नाही. अजिबात नाही." आम्हाला बघून ती गप्प झाली. त्या मुलीनं बाबांना विचारलं, "काका, तुम्ही पण बसलात?"

मला वाटलं, आता बाबा खरं सांगणार. देवाचीसुद्धा भीड न ठेवता खरं बोलणारा माणूस.

बाबा म्हणाले, "छे गं. माझी तर फाटली. मी खालीच उभा राहिलो."

बहीण त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग खुदकन हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. ती परत शुद्धीवर आली नाही.

बाबा आयुष्यात एकदाच खोटं बोलले आणि चांगलं बोलले. तसंच खोटं आठवडाभर आधी, दारात वागायला हवं होतं. 'काय झालं' न विचारता, काही पाहिलंच नाही असं दाखवून आत जाऊन आडवं पडायचं होतं, बस. याचा मला राग येतो, अजून येतो, आणि तो काढायला आता बाबाही उरलेले नाहीत.