भावाचा गिअरबॉक्स आणि माझी सही

आमच्या भावाला गाडीतलं काय कळत होतं? डोंबल! पण बोलायला बसला की जपानच्या कारखान्याला यानंच नकाशे काढून दिलेत असं वाटावं.

अंजूरला वडिलांची तीन शेतं होती. वडील गेले, मागोमाग गोदामवाले आले आणि त्यांतली दोन गेली. दोन्ही वेळा मी खारबावहून, म्हणजे माझ्या सासरहून, भिवंडीच्या रजिस्टर ऑफिसात जाऊन मुकाट सही करून आले. बहिणीनं हक्क सोडायचा आणि भावानं दिवाळीला साडी घेऊन यायचं, आमच्यात हे असंच चालत आलेलं. त्यावर कोणी तोंड उघडत नाही. पहिल्या शेताचं स्लॅबचं घर झालं. दुसऱ्याची ही गाडी आली.

नव्वद साल उलटून गेलं होतं. आखातातून कायमच्या परत आलेल्या कुणाची तरी गाडी ती. लाल, बसकी, दोनच दारांची. ऑटोमॅटिक, म्हणजे क्लच नाही, गिअर आपले आपण पडणार. स्टिअरिंग डावीकडे, आणि मागे मोठ्या अक्षरांत तसं लिहिलेलं, बाकीच्यांनी जपून राहावं म्हणून. त्यामुळे मी शेजारी बसले की नेमकी आपल्याकडे ड्रायव्हर बसतो त्या बाजूला यायची. गावातल्या बायका पदर तोंडाला लावून बघायच्या. एकीनं तर विचारलंच, "बाय, तू कवापासून गारी चालवाय लागलीस?"

बरं, आणली ती आणली, चालव ना गुमान. पण नाही. ती अजून पळाली पाहिजे. कुठं पळवणार होता कोणास ठाऊक! अंजूर ते मानकोली खड्डा नसलेला रस्ता कोणी दाखवावा, मी त्याचे पाय धरीन. गाडी जोर धरते न धरते तोच म्हशी आडव्या. मानकोलीला हायवेवर चढावं तर पुढे ट्रकांची रांग.

तरी दर रविवारी आमच्या ओटीवर सभा भरायची. भाऊ आणि त्याचे दोन सल्लागार. एक आखातात क्रेन चालवून आलेला, दुसऱ्याचं भिवंडीत लूमच्या मोटरी वाइंडिंग करायचं दुकान. मी माहेरी असले की चहा माझ्याकडे. ऐकून ऐकून मलाही सगळं पाठ झालं. इंजिनाला मोठा टर्बो बसवायचा. ती ताकद पेलायला गिअरबॉक्सच्या आत जाड प्लेटा घालायच्या. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे क्लचच्या जागी तेलानं भरलेला एक भोपळा असतो, त्याला कन्व्हर्टर म्हणायचं, तोही बदलायचा. गिअरचं तेल गार राहायला पुढे कूलर लावायचा. मागच्या चाकांना जाड एक्सल. चहाच्या कपबशा धुऊन मी परत यायचे तरी हे अजून एक्सलवरच!

भांडण एकाच गोष्टीवरून, आधी काय करायचं. क्रेनवाला म्हणायचा, आधी कूलर, मग गिअरबॉक्स, इंजिनाला सगळ्यात शेवटी हात लाव. नशीब, एकाला तरी अक्कल होती. पण कूलरचा आवाज येतो का? कूलर लावला म्हणून रस्त्यात कोणी वळून बघतं का? मग काय, आमच्या भावानं गाडी मुंबईला नेऊन आधी इंजिनच करून आणलं. सुरू केली की शेजारच्या कोंबड्या कुंपणावर चढायच्या, आणि याला कोण आनंद!

माझे यजमान भिवंडीत लूमचे फिटर. त्यांना हे सांगितलं तर हसले. म्हणाले, "जुन्या लूमला दांडगी मोटर लावली म्हणून कापड जास्त निघत नाय. सुताचा धोटा तेवढा उडतो आणि कुणाचं तरी डोकं फुटतं." झालंही तसंच. थोड्याच दिवसांत गिअर घसरू लागले. इंजिन नरडं फाडून ओरडायचं आणि गाडी जागच्या जागी विचार करत बसायची. मग ओटीवर ठरलं की खास ताकदीचा गिअरबॉक्स परदेशातून मागवायचा. आणि त्यासाठी तिसरं शेत विकायला काढायचं.

ते शेत आईचं. कागदावर तिघांचं, पण राबायची ती एकटी. खाडीच्या बांधाला लागून लहानसा तुकडा. पावसाळ्यात भात, भात निघाला की वाल. वडील गेल्यापासून ती दिवसभर तिथंच असायची. स्लॅबच्या घरात तिचा जीव रमत नसे.

सहीचा दिवस ठरल्यावर आई एकटीच खारबावला आली. पाणी प्यायली आणि म्हणाली, "त्यानं इचारलं, मी हो बोलले. पोराला न्हाय कसं बोलू? तोंडातून येतच न्हाय." मग खाली बघत म्हणाली, "तू बोल."

असा संताप आला मला! शेत तिचं, मुलगा तिचा, आणि वाईटपणा घ्यायचा मी. नाही म्हटलं की माहेर बंद, हे काय तिला ठाऊक नव्हतं? "बघू" म्हटलं आणि तिला रिक्षात बसवून दिलं.

सहीच्या दिवशी भाऊ गाडी घेऊन दारात हजर. आई मागे बसलेली. दोन दारांच्या गाडीत मागे शिरायचं म्हणजे पुढची सीट वाकवून रांगत जायचं, त्या वयात तिला तेही करायला लावलं होतं. मी पुढे बसले, उजवीकडे. खरं सांगते, तोवर माझं काही ठरलं नव्हतं. एकीकडे आई, एकीकडे दिवाळी. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

अंजूर फाट्याला सगळं तुंबलेलं. कापडाच्या गाठींचे ट्रक, टेम्पो, रिक्षा. एक पाय ब्रेकवर ठेवून भाऊ दुसऱ्या पायानं इंजिन गुरगुरवत होता, आजूबाजूच्या रिक्षावाल्यांना ऐकू जावं म्हणून. आत तेल उकळत असणार. कूलर कुठं होता? जळका वास सुटला. आईनं मागून विचारलं, "काय करपलं रं?"

"काय न्हाय," भाऊ म्हणाला.

पुढचे ट्रक हलले आणि आमची गाडी नुसती बोंबलत राहिली. दांडा पुढे ओढ, मागे ओढ, गाडी ढिम्म. मागून हॉर्नचा कल्लोळ. शेवटी पुढच्या टेम्पोवाल्यानं दोर काढला. "खींच दूँ, सेठ?"

आता त्या क्रेनवाल्यानं ओटीवर बसून शंभरदा सांगितलं होतं की ऑटोमॅटिक गाडी अशी चाकांवर ओढायची नसते. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सात तेल फिरत नाही, आत सगळं कोरडं घासतं. मी म्हटलं, "अरे, ओढू नको! मागची चाकं उचलायला लागतात ना?"

त्यावर हा शहाणा म्हणतो कसा, "तू गप बस. रजिस्टरचा साहेब जेवाया उठंल. ह्यो गेला तं गेला, नवा येनारच हाय."

आणि ओढलं हो त्यानं! आम्हा दोघींना आत बसवून, रजिस्टर ऑफिसच्या दिशेनं. दोराचा झटका बसला की आईचं डोकं माझ्या सीटवर आपटायचं. लोक माझ्यावर ओरडत होते, "ओ मॅडम, ब्रेक मारो, ब्रेक!" माझ्यापुढे ना ब्रेक, ना स्टिअरिंग. खालून खरखर आली, मग कडकड, मागची चाकं आवळली आणि दोर तुटला. गाडी रस्त्याच्या मधोमध.

भाऊ उतरला, चाकाशी उकिडवा बसला आणि रडायला लागला. खरंखुरं, मोठ्यानं. वडिलांना नेलं त्या दिवशी या माणसाच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, पाहुण्यांच्या गाड्या कुठं लावायच्या ते दाखवत फिरत होता. तरी मला कीव आली असती. पण डोळे पुसून म्हणाला काय, "बाय, चल, रिक्षा करू. आता तं सही करायलाच पायजे. गिअरबॉक्सबिगर गारी हलायची न्हाय."

"मी सही करणार न्हाय," मी म्हटलं.

"काय?"

"न्हाय. गाडी इथंच कुजू दे. शेत मिळायचं न्हाय."

तो गाडीकडे वळला. आई अजून मागच्या सीटवरच अडकलेली होती, तिला बाहेर काढायचं कुणाच्या ध्यानातच नव्हतं. "आये, सांग हिला!"

आई मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"मंग माझ्या दारात पाय ठेवू नको," तो मला म्हणाला. "तुला भाऊ न्हाय."

मी सीट वाकवली, आईला हाताला धरून बाहेर काढलं आणि रिक्षात घालून अंजूरला निघाले. शेताचा बांध दिसला तशी ती बाहेर वाकून बघू लागली. मग म्हणाली, "शेंगा भरल्यान गं." माझं माहेर तुटलं होतं आणि हिला शेंगा दिसत होत्या!

आई त्याच शेतात राबत राबत म्हातारी झाली. ती गेली तेव्हा भाऊ तिच्या एका बाजूला उभा होता, मी दुसऱ्या. शेत अजून आहे, आता मी ते करते, दोन्हीकडे गोदामांचे पत्रे आणि मधे ते. गाडी त्याच्या घरापुढे विटांवर, ताडपत्रीखाली. सल्लागार पांगले, तरी ओटीवर कोणी बसलं की हा सांगतो म्हणे, बहिणीनं सही केली असती तर बघायची होती गाडी.

शेतावर जायची वाट त्याच्या दारावरूनच आहे. वाल निघाले की परतताना मी शेंगांची एक पिशवी त्या गाडीच्या टपावर ठेवते. हाक मारत नाही. तो ओटीवर असतो, तोही उठत नाही. पुढच्या खेपेला माझी पिशवी घडी घालून तिथंच ठेवलेली असते, उडू नये म्हणून वर दगड. एवढा खटाटोप केला, त्या गाडीचा उपयोग झाला तो एवढाच.