डायनासोरच्या चालीबद्दलचं मत

नवा डायनासोरचा सिनेमा कसा वाटला, असं कॉलेजात कुणी विचारलं की मी ‘ठीक होता’ म्हणतो आणि हजेरी घ्यायला लागतो. मुलांना नवल वाटतं. या मालिकेचा प्रत्येक भाग आला की प्राणिशास्त्राचे सर एक अख्खा तास त्यावर घालवतात, हे त्यांना आधीच्या मुलांकडून कळलेलं असतं. कुठला प्राणी खरा चालला, कुठला नुसता सरकला, कुणाची शेपटी उगाच हलली. मालिकेचा पहिला भाग पाहूनच मी वाणिज्य शाखा सोडली आणि प्राणिशास्त्राला नाव घातलं होतं. असा मी माणूस, आणि यंदा ‘ठीक होता’.

खरं सांगायचं तर माझं मत स्वच्छ राहिलेलं नाही.

माझ्या मुलीनं एम.एस्सी. अर्ध्यावर सोडली आणि ती चेन्नईला गेली. तिथल्या एका स्टुडिओत ती संगणकावर प्राणी चालवते. परदेशी सिनेमांची कामं इकडे येतात, पण सिनेमा लागेपर्यंत त्याचं नाव घरीसुद्धा सांगायचं नाही, असा करार असतो. तिनं कधी सांगितलं नाही. मी मात्र ओळखलं. या मालिकेचं नाव काढलं की रात्रभर बोलणारी मुलगी, आणि नव्या भागाचा ट्रेलर आला त्या दिवशी फोनवर तिनं मला पावसाबद्दल विचारलं.

ओळखल्यावर मी काय केलं? फोनवर आमच्या नातेवाइकांचा एक गट आहे. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलो आम्ही तिथं घरची मराठी तमिळ अक्षरांत लिहितो. त्या गटात मी ट्रेलरची सालटी काढली. ‘या प्राण्याला वजनच नाही, दोरीवर वाळत घातलेलं धोतर चालल्यासारखं वाटतं.’ ‘शेपटी एकीकडे, कंबर दुसरीकडे, मधे बहुतेक घटस्फोट झालाय.’ लोक हसले. माझ्या मेव्हण्यांनी लिहिलं, ‘भाऊजी, तुम्ही तर जिवंत जनावराचं शवविच्छेदन केलंत!’ मला चेव आला. दर दोन-चार दिवसांनी मी काहीतरी नवं लिहायचो. मुलीचं उत्तर नसायचं. तिनं वाचलंय एवढं फक्त दिसायचं.

एकदा तिनं फोनवर विचारलं, “अप्पा, खरंच इतकं वाईट आहे?”

“का गं?”

“सुम्मा. उगाच विचारलं.”

सिनेमा लागला त्या आठवड्यात ती घरी आली. सकाळी इडली वाढून घेताना तिनं सांगून टाकलं, त्या सिनेमात तिचं काम आहे. माझी बायको ताट तसंच ठेवून उठली आणि देवापुढे साखर ठेवायला गेली. मी आश्चर्य वाटल्याचं दाखवलं. ते बरं जमलं असावं.

“सोमवारी मला कराराचं कळवायचंय,” मुलगी म्हणाली. “पुढच्या सिनेमासाठी राहायचं की नाही. आज दुपारी आपण दोघं बघू. माझा भाग कुठला ते मी सांगणार नाही. बघून झाल्यावर तुमचं मत तेच राहिलं, तर मी परत येते. बी.एड. करते. तुम्हाला हवं तसं.”

“सिनेमा बघून कुणी नोकरी सोडतं का?” बायको आतून ओरडली. मग तिला काहीतरी आठवलं. “हां, ह्या घरात सिनेमा बघून कॉलेज बदलतात म्हणा. तुझ्या बापाला विचार.”

मुलगी हसली नाही. “अम्मा, प्राणी कसा बघायचा हे मी ह्यांच्याकडून शिकले. ह्यांनाच ते खोटं वाटत असेल तर तिथं बसून मी काय करतेय?”

मला हवं होतं ते सगळं आता माझ्या एका वाक्यावर आलं होतं, आणि ते वाक्य मी कित्येक दिवस घोटून ठेवलेलंच होतं.

थिएटर भरलेलं होतं. शेजारच्या चोळपुरम गावाकडून आलेली पोरं पुढच्या रांगांत शिट्ट्या मारत होती. सिनेमा तमिळमध्ये होता, त्यामुळे परदेशी शास्त्रज्ञीणबाई मदुरैच्या भांडकुदळ आत्यासारखी बोलत होती. मी पडद्याकडे बघत होतो आणि मुलगी माझ्याकडे. अंधारातसुद्धा ते कळतं. गालाच्या त्या बाजूला ऊब लागल्यासारखं होतं. मी हुंकारसुद्धा द्यायला धजत नव्हतो.

पहिला अर्धा भाग वाईटच होता, हे आजही म्हणेन. लग्नाच्या पंगतीत एकावर एक पदार्थ पडत जावेत तसे प्राणी येत होते. एक नीट बघावा तोवर दुसरा. माणसं मुद्दाम चुकीच्या दाराकडे पळत होती. शेवटासाठी राखलेला तो भलामोठा संकरित राक्षस तर कुठल्याच हाडाचा नव्हता. पण नदीवरच्या प्रसंगात संगीत थांबलं, नुसती होडीवर पाण्याची चापट ऐकू येत राहिली, तेव्हा पुढच्या पोरांच्या शिट्ट्यासुद्धा थांबल्या. नदीचं पाणी मात्र मला जरा पातळ, वजन नसलेलं वाटलं.

मध्यंतरानंतर एक जखमी म्हातारा प्राणी लव्हाळ्यांत शिरला. शाकाहारी, मोठ्या पोटाचा. त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, माणसं पलीकडे पळत होती. तो खाली बसला. आधी पुढचे पाय गुडघ्यात मोडले. मागचा भाग क्षणभर तसाच वर राहिला, शेपटी उलट्या बाजूला ओढली गेली, आणि मग सगळं वजन एका कुशीवर धप्पकन आलं. शेवटी मान ठेवायची कुठे हे त्याला कळेना, म्हणून त्यानं ती दोनदा हलवली.

शेजारी मुलीनं श्वास रोखून धरला होता.

पडद्यावर ते जेमतेम काही क्षण होतं. त्या वेळात मी सिनेमा विसरलो, खुर्ची विसरलो, ती शेजारी बसली आहे हेही विसरलो. लगेच दुसरा विचार आला: हे तिचं आहे, आणि मी ओळखलंच नाही असं म्हणता येईल.

हा विचार मी शेवटापर्यंत मांडीवर घेऊन बसलो. राक्षस मेला, हेलिकॉप्टर आलं, दिवे लागले.

बाहेर रस्त्यापलीकडे कॉफीचं दुकान होतं. तिनं दोन सांगितल्या. पेला हातात घेऊन ती उभी राहिली.

“बोला.”

“गर्दी फार केलीय.”

“ते सगळे म्हणतात. तुम्ही बोला.”

पापनाशमची बस लागली होती. कंडक्टर बसचा पत्रा बडवत होता. त्या आवाजात मी खोटं बोललो असतो तर ते खपलंही असतं.

“लव्हाळ्यांत जो खाली बसतो,” मी म्हणालो, “तो तुझा.”

“चांगला की वाईट?”

“तेवढाच एक प्राणी जिवंत होता.” आणि मग, कॉफी निवत असताना, मी पुढचंही सांगितलं. “ट्रेलर आला तेव्हाच मी ओळखलं होतं, तुझं काम आहे म्हणून. तरी लिहिलं. तू कंटाळून परत यावीस म्हणून लिहिलं.”

तिनं पेला फळीवर ठेवला. सांडू नये म्हणून फार जपून ठेवला.

“मला वाटलं होतं तसं,” ती म्हणाली. “मग स्वतःलाच म्हटलं, अप्पा असं नाही करणार.” पुढे म्हणाली, “तुम्ही वजनाचं लिहिलंत ना, ते मी दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सांगितलं. माझे वडील प्राणिशास्त्र शिकवतात, ते म्हणतात चाल चुकलीय. सगळे हसले. एकानं तर विचारलं, तुझे वडील कुठल्या युगातले?”

कंडक्टरनं शिट्टी दिली आणि बस गेली.

“आता मला सांगा, तुम्ही लिहिलंत त्यातलं खरं कुठलं आणि मला परत आणण्यासाठी कुठलं?”

मी आठवायला लागलो. शेपटीचं खरं होतं. वजनाचंही असावं. मग पुढं जाता येईना. हसवण्यासाठी लिहिलेलं, रागानं लिहिलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं एकमेकांत असं कालवलं गेलं होतं की मला ते वेगळं करता येईना. तीस-एक वर्षं हेच बघण्यात घालवली, आणि माझ्याच नजरेवर माझा भरवसा उरला नव्हता.

“कळत नाही,” मी म्हणालो.

“मग उद्या परत बघा. एकटे. आणि लिहा. गटात नाही, मला.” तिनं कॉफीचे पैसे दिले. “मी चेन्नईला राहणार आहे. ते तुमच्या लिहिण्यावर नाही आता.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या खेळाला थिएटर निम्मं रिकामं होतं. गालाकडे कुणी बघत नव्हतं, तरी मी ताठ बसलो होतो. घरी येऊन तिला लिहिलं. विनोद एकही घातला नाही. शेपटीचं लिहिलं, त्या राक्षसाच्या खांद्याचं लिहिलं, नदीच्या पाण्याला जडपणा नाही हे लिहिलं. लव्हाळ्यांतल्या प्राण्याबद्दल लिहिलं की तिथं मला सुधारण्यासारखं काही सापडलं नाही.

ती चेन्नईला परतली; तिचा फोन अजून तिच्या आईलाच येतो. मी शेजारीच बसलेलो असतो, हे तिला माहीत असतं. माझ्या लिहिण्याला मात्र काल उत्तर आलं: ‘शेपटीचं मान्य. पाण्याचं नाही. पाणी बरोबर आहे.’

मी उत्तर लिहायला बसलो आहे. पाण्याच्या बाबतीत ती चुकते आहे असं मला वाटतं. तिनं परत यावं म्हणून तर तसं वाटत नाही ना, हे आधी तपासून पाहतो आहे.