पेल्टनचा डुक्कर-अंमलदार

आमच्या पेल्टन गावाने राज्याला एक गव्हर्नर दिला, असं शेजारच्या गावांना सांगायची आमच्याकडे पद्धत आहे. खरं तर तो गव्हर्नर इथे घोडे बदलायला थांबला होता आणि बर्फाने वाट अडली म्हणून दोन दिवस राहिला. बाकी न्यू हॅम्पशायरच्या या डोंगरात दगड आणि भांडणं सोडून फारसं काही पिकत नाही. गावचा कारकून म्हणून एकोणीस वर्षं मी इथल्या अधिकाऱ्यांची नावं वहीत लिहितोय. तीन पंच, करवसुलीवाला, रस्त्यांचा मुकादम, कुंपणं बघणारे, लाकूड मोजणारे. मला विचाराल तर या सगळ्यांत खरा अधिकारी एकच झाला, आणि त्याच्या ताब्यात फक्त डुकरं होती.

त्याचं नाव ओरिन टिबेट्स. घोड्यांचे साज शिवायचा. उंच, खांद्यात वाकलेला, आणि बोलण्यात इतका काटकसरी की पट्टा तयार झाला हे गिऱ्हाइकाला तो पट्टा हातात ठेवूनच सांगायचा. एकतीस वर्षांचा असताना एकदा त्याने हिंमत करून गावसभेत एका पदासाठी नाव दिलं होतं. चामड्याचा तपासनीस. गावात चामड्यातलं कळणारा तोच एकटा. मोजणीत त्याला एक मत पडलं. कुणाचं, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी फक्त वळून त्याच्याकडे बघितलं. पुढची सत्तावीस वर्षं तो दर मार्चला सभेला यायचा, मागे जळणाच्या पेटीशी उभा राहायचा आणि चकार शब्द न काढता घरी जायचा.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याने लग्न केलं. केलं म्हणण्यापेक्षा लव्हिना गेजबाईंनी ते घडवून आणलं म्हणणं बरं. बाई विधवा, अंगाने भरलेल्या, आणि आवाज असा की रविवारी प्रार्थनेला त्यांनी सूर लावला की मागचे डुलकी घेणारे सरळ बसत. त्या उन्हाळ्यात त्यांच्या घोडीचा लगाम चार वेळा तुटला, आणि चारही वेळा त्या तो घेऊन ओरिनच्या दुकानी गेल्या.

“अरे, लगाम तुटलेला नाही, कापलेला आहे, हे तुला कळलं नाही?” मी त्याला नंतर विचारलं.

“पहिल्यांदाच कळलं. सुरी बोथट होती.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर परत आली नसती.”

आता आमच्याकडे एक जुनी चाल आहे. गेल्या मार्चपासून ज्यांची लग्नं झाली त्या सगळ्या नवरदेवांना गावसभेत डुक्कर-अंमलदार म्हणून निवडायचं. आमच्या आजोबांच्या काळी मोकाट डुकरं शेतं उकरायची, तेव्हा या पदाला काम होतं. मोकाट डुक्कर धरायचं, कोंडवाड्यात घालायचं, नाकात कडी ठोकायची म्हणजे त्याला पुन्हा जमीन उकरता येत नाही, आणि मगच मालकाला परत द्यायचं. चाळीस वर्षांत हे काही कुणी केलं नव्हतं. नवरदेव लाल होतो, लोक हसतात, तो सिगार वाटतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे विसरतात.

त्या मार्चला दोन पोरसवदा नवरदेवांची नावं झाली, आणि मग कर्नल झीनस व्हिपल उठले. बावीस वर्षं गावचे मुख्य पंच. ज्या पलटणीचे ते कर्नल होते तिने हयातभर परेडी आणि जेवणावळी सोडून काही केलं नव्हतं, पण छाती मात्र त्यांनी लढाई जिंकल्यासारखीच काढलेली असायची.

“सभापती, एक नवरदेव राहिला की! लाजतोय बिचारा, त्या पेटीमागे लपलाय. ओरिन टिबेट्स!”

सभागृह नुसतं फुटलं. लोकांनी बाकं बडवली. मीसुद्धा हसलो, खोटं कशाला सांगू. आमच्याकडे बायकांना मत नाही, त्यांच्याकडे दुपारचं जेवण असतं. तर स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात लव्हिनाबाई काकवीत शिजवलेल्या घेवड्याच्या दाण्यांचं मोठं मडकं धरून उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

घरी गेल्यावर काय झालं ते त्यांनीच मला पुढे सांगितलं.

“मिस्टर टिबेट्स,” त्या म्हणाल्या. लग्नानंतरही त्या त्याला मिस्टर टिबेट्सच म्हणायच्या. “ते तुम्हाला नाही हसले. मला हसले. म्हातारीला नवऱ्याची हौस, म्हणून हसले.”

“मग मी काय करू?”

“काय करू म्हणजे? निवडून आलात ना? मग काम करा. पुढच्या मार्चला तुमचं नाव निघालं की त्या खोलीत कुणाचा दात दिसता कामा नये.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या वाणसामानाच्या दुकानात काकवीच्या पिंपाला तोटी बसवत होतो, तर ओरिन रविवारचा कोट घालून हजर.

“शपथ घ्यायचीय,” तो म्हणाला.

“कसली?”

“पदाची.”

मी हसणार होतो. पण त्याने उजवा हात आधीच वर केला होता. डुक्कर-अंमलदाराची शपथ कुठल्या पानावर आहे हे शोधायला मला पाऊण तास लागला, आणि तेवढा वेळ त्याने हात खाली घेतला नाही.

मग सुरू झाला अंमल. कोंडवाड्याची पडकी दगडी भिंत त्याने स्वतः रचली. लोहाराकडून दोन डझन कड्या करून आणल्या. दर शनिवारी तो घरोघर जाऊन डुकरांचे गोठे बघायचा, फळ्या हलवून पाहायचा आणि एका वहीत टिपून ठेवायचा. लोकांना करमणूकच झाली.

“अंमलदारसाहेब, आमची डुकरीण सलाम सांगतेय बरं का!”

“तिची डावीकडची फळी सुटलीय,” ओरिन म्हणायचा आणि पुढच्या घरी जायचा.

ऑगस्टमध्ये कर्नलची डुकरीण सुटली. ही काही साधी डुकरीण नव्हती. जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी कर्नल तिला ताक आणि मका घालून वाढवत होते आणि तिला साबणाने आंघोळ घालायला एक माणूस ठेवला होता. ती गेली ती थेट अल्व्हा स्टिकनीच्या बटाट्यांत. अल्व्हा म्हणजे नदीकाठचा एक म्हातारा, एकटा राहणारा. हिवाळ्यात त्याच्या पोटाला ते बटाटेच. तिने सहा सऱ्या उलट्यापालट्या केल्या. ओरिनने टोपीत मक्याचे दाणे घेतले आणि तिच्यापुढे मागे मागे चालत तिला दीड मैल आणली. रस्त्यावर जो तो हातातलं काम टाकून त्यांच्या मागून निघाला. अशी ती मिरवणूक कोंडवाड्यावर पोचली.

तासाभरात कर्नलची बग्गी आली.

“टिबेट्स, फाटक उघडा.”

“उघडतो. आधी कडी घालायची.”

“काय घालायची?”

“नाकात कडी. कायदा आहे.”

“अहो, दहा दिवसांवर प्रदर्शन आलंय! नाक फोडून नेऊ तिला? तुम्ही समजता कोण स्वतःला?”

ओरिनला बहुधा हा प्रश्न खराच वाटला. त्याने थोडा विचार केला. “डुक्कर-अंमलदार,” तो म्हणाला. “तुम्हीच नाव सुचवलंत.”

कर्नलचा चेहरा बघण्यासारखा झाला. ते माझ्याकडे वळले. “पेटिंगिल, सांगा याला, ती थट्टा होती म्हणून!”

मला ते कधीच फारसे आवडले नव्हते, आणि त्या दिवशी तर ऊनही कडक होतं. “कर्नल,” मी म्हटलं, “माझ्या वहीत निवडून आलेल्यांचा रकाना आहे, थट्टेचा नाही.”

कडी घातली गेली. डुकरीण अशी ओरडली की चर्चचा पाद्री बाहेर आला. ओरिनने तिचं नाक पाण्याने धुतलं, फाटक उघडलं आणि टोपी काढून कर्नलना नमस्कार केला. प्रदर्शनात तिला दुसरा नंबर मिळाला. कर्नल म्हणाले, कडीमुळे. परीक्षक म्हणाले, पहिली जास्त जाड होती.

त्यानंतर महिन्याभरात गावातल्या प्रत्येक गोठ्याची फळी ठोकली गेली. कर्नलची डुकरीण ज्याने सोडली नाही तो आपली काय सोडणार!

पुढच्या मार्चच्या सभेची नोटीस सभागृहाच्या दारावर लावायची पाळी माझीच. त्यात अकरावा विषय कर्नलनी घातला होता. डुक्कर-अंमलदाराचं पद कायमचं बंद करावं. ओरिन आला, नोटिशीपुढे उभा राहिला आणि दोन ओळी वाचायला त्याने बराच वेळ घेतला. मला वाईट वाटलं. जन्मात एक पद मिळालं होतं त्याला, तेही आता काढून घेणार.

लव्हिनाबाईंनी त्याला कडक इस्त्रीची कॉलर घालून पाठवलं आणि बजावलं, “आज बोला. नाही बोललात तर मी बोलेन, आणि मग पुरुषांची सभा राहील का ते बघा.”

अकरावा विषय निघाला. कर्नल पंधरा मिनिटं बोलले. चाळीस वर्षांत एक डुक्कर, ही काय राज्यकारभाराची रीत झाली, जग पुढे चाललंय, वगैरे. ते बसले आणि जळणाच्या पेटीपासून ओरिन टिबेट्स दोन पावलं पुढे आला. अठ्ठावीस वर्षांनी.

“सभापती,” तो म्हणाला. मग खिशातून आपली वही काढली. “मी त्रेचाळीस घरं बघितली. सगळे गोठे पक्के आहेत. सप्टेंबरपासून एकही डुक्कर बाहेर आलेलं नाही. सहा महिने मला काही काम नाही. कर्नल म्हणतात ते बरोबर आहे. पदाची गरज नाही.”



“मला ते हवंसं वाटतं, ही गोष्ट वेगळी,” ओरिन म्हणाला. “एवढं चांगलं वर्ष माझ्या आयुष्यात आलं नव्हतं. पण माझ्या हौसेसाठी गावाने पद ठेवावं, हे काही खरं नाही. बंद करा.”

स्वयंपाकाच्या खोलीत काहीतरी जोरात आपटल्याचा आवाज झाला.

मग अल्व्हा स्टिकनी काठी टेकत उठला. “सभापती, माझं वय एक्क्याऐंशी. या खोलीत मी पंच बघितले, आमदार बघितले, देशाच्या सभेत निवडून गेलेले बघितले. माझं काम संपलं, मला काढा, असं म्हणणारा एकही बघितला नाही. असला माणूस सापडलाय तर त्याला सोडू नका. काम नसलं तर नसलं.”

सभापतींनी आवाजी मत घेतलं, पण गोंधळात काही समजेना. तेव्हा त्यांनी नेहमीची रीत काढली. पद बंद करावं म्हणणाऱ्यांनी खिडक्यांकडे जावं, ठेवावं म्हणणाऱ्यांनी शेगडीकडे. कर्नल ताठ मानेने खिडकीशी गेले. ओरिन बोलल्याप्रमाणे वागणारा, तो त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. आणि मग बाकांचे आवाज झाले, बूट वाजले, आणि अख्खं पेल्टन शेगडीकडे चालू लागलं. कर्नलचे दोन जोडीदार पंचसुद्धा गेले. कर्नल अजून म्हणतात, थंडी होती म्हणून.

खिडकीशी दोघंच उरले. बावीस वर्षांत कर्नल एकदाही हरलेल्या बाजूला उभे राहिले नव्हते.

“टिबेट्स,” ते दातओठ खात पुटपुटले, “तुम्ही गप्प बसला असता तर जिंकलो असतो की आपण.”

“हो, तसंच दिसतंय,” ओरिन म्हणाला.

तेवढ्यात स्वयंपाकाच्या खोलीचं दार उघडलं. हातात पळी, गाल रागाने लाल, अशा लव्हिनाबाई सभेच्या मधोमध आल्या, नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि तरातरा चालत शेगडीकडच्या गर्दीत, अगदी पहिल्या रांगेत, त्याच्या विरुद्ध उभ्या राहिल्या. अल्व्हाने त्यांना जागा करून दिली.

मी मोजलं. “बाजूने दोन,” मी म्हटलं. “विरोधात एकशे बारा.”

सभापतींनी चष्म्यावरून बघितलं. “पेटिंगिल, त्या बाजूला मतदार एकशे अकरा आहेत.”

“पुन्हा मोजू?”

त्यांनी शेगडीकडे बघितलं, पळीकडे बघितलं. “नको,” ते म्हणाले. “वहीत लिहा.”

मी लिहिलं. मान वर केली तेव्हा ओरिन खिडकीशी उभा राहून भरल्या डोळ्यांनी पलीकडे, आपल्याविरुद्ध उभ्या असलेल्या बायकोकडे बघत होता, आणि त्या भरलेल्या खोलीत कुणाचाही दात दिसत नव्हता.