भट्टीच्या उबेतलं झाड

बेकरीत त्याला सगळे धाकटा म्हणतात. पन्नाशी उलटली, केस पिठाच्या रंगाचे झाले, हाताखाली माणसं आली, तरी नाव तेच. कामाला लागला तेव्हा तो खरोखरच सगळ्यांत लहान होता, आणि ज्यांनी नाव ठेवलं ते मास्तर ते बदलायला काही बसले नाहीत.

मास्तर म्हणजे बेकरीचे जुने मालक. बोलणं मोजकं. शिकवण्याची पद्धत एकच: "बघ, आणि हात मागे ठेव." पहिल्याच आठवड्यात धाकट्याने पावांची अख्खी खेप करपवली. आधीच्या दोन ठिकाणांहून त्याला असल्याच कारणाने हाकललं होतं, त्यामुळे कुणी काही बोलायच्या आत तो चपला घालून दारात उभा राहिला. मास्तरांनी पावांची काळी कवचं कापून टाकली, उरलेल्याचे काप केले, ते पत्र्यावर मांडून भट्टीत सरकवले आणि म्हणाले, "चपला काढ. टोस्ट उलटायचेत." त्या वाक्यावर धाकट्याचा पुढचा सगळा संसार उभा आहे. थकल्यावर मास्तरांनी बेकरीही त्याच्याच हाती सोपवली. इतकं देऊन या माणसाने त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

मागितलं ते गेल्या वर्षी, थंडीच्या तोंडावर. गुडघे साथ देईनात म्हणून मास्तर लेकीकडे राहायला निघाले. तिचं घर चौथ्या मजल्यावर, बाल्कनी नाही. मास्तरांच्या मागच्या अंगणात एका उथळ कुंडीत जुनिपरचं, म्हणजे सुरूसारख्या एका झाडाचं, बोन्साय होतं. उंची हातभरसुद्धा नाही, खोड पिळलेलं, पानं बारीक खवल्यांसारखी. एका बाजूची फांदी मात्र बिनसालीची, हाडासारखी पांढरीफटक. ती मुद्दाम केलेली कलाकुसर आहे, अशी धाकट्याची समजूत होती. मास्तरांनी कुंडी त्याच्या हातात दिली. "हे जगव," म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.

धाकट्याने आयुष्यात कोथिंबीरही लावलेली नव्हती. थंडी वाढली, एका सकाळी कुंडीतल्या मातीवर दंव दिसलं. मास्तर थंडीत झाड घरात घेत असणार, असं तो धरून चालला. विचारायचं काही सुचलं नाही. बेकरीवाल्याच्या जगात जे जे रुसतं ते उबेने मानतं. कणीक फुगत नाही? उबेला ठेवा. तेव्हा त्याने झाड भट्टीशेजारच्या मांडणीवर ठेवलं, जिथे कणकेचे गोळे ओल्या फडक्याखाली फुगत असतात. पावांवर पाण्याचा फवारा मारताना एक फवारा झाडावरही मारू लागला.

आणि झाड हिरवंगार राहिलं. हीच झाडाची लबाडी. आठवडे गेले, रंग तसाच. दर रविवारी मास्तरांचा फोन येई. "झाड काय म्हणतंय?" "मजेत आहे, मास्तर."

पहिली शंका बायकोला आली. हिशेबाला म्हणून ती गल्ल्यावर बसते, पण नजर चौफेर. "अहो, हिरवं आहे खरं, पण राखेत लोळून आल्यासारखं दिसतंय." तिने फांदीवर बोट फिरवलं तर खवले कुरकुरीत होऊन खाली पडले.

धाकट्याने कुंडी भट्टीच्या आणखी जवळ सरकवली. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण मरगळलेल्या यीस्टला तो जे देतो तेच त्याने झाडालाही दिलं: कोमट साखरपाणी.

पुढच्या रविवारीही त्याने "मजेत आहे" म्हटलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "ऊन तापलं की येतो बघायला." फोन ठेवून धाकटा झाडापाशी गेला. पांढऱ्या फांदीच्या समोरची एक हिरवी फांदी तोवर विटकरी झाली होती. ज्याने एवढं दिलं त्याने एकच गोष्ट मागितली, आणि तीही आपल्या हातून मरणार. दुसऱ्या दिवशी कुंडी टोपलीत घालून तो रोपवाटिकेत गेला.

रोपवाटिका चालवणाऱ्या बाईंनी झाड पाहिलं, मग त्याला पाहिलं. "कुठे ठेवलं होतं?"

"भट्टीजवळ."

"अच्छा. भाजायला?"

"उबेला, हो. थंडी होती म्हणून."

"थंडी त्याला हवीच असते. थंडीत ते झोपतं. तुम्ही त्याला झोपूच दिलं नाही. आणि घातलंत काय?"

धाकट्याने साखरपाणी म्हटल्यावर बाईंनी कपाळाला हात लावला. "पाहुणा आलाय का घरी?"

बोलत बोलत त्यांचे हात चालू होते. पांढरा कागद धरून त्यांनी फांदी झटकली. कागदावर मिरपुडीसारखे ठिपके पडले आणि ते ठिपके चालू लागले. कोळी नावाची कीड, बाई म्हणाल्या. कोरड्या उबेत यांचं फावतं. मग त्यांनी खोडावर नखाने साल जरा खरवडली. खाली ओला हिरवा रंग होता. विटकरी फांदीवर तेच केलं, तिथे काहीच नव्हतं.

"ही गेली. बाकीचं अजून आहे. पाण्याच्या जोरदार धारेने पानं धुवा, मातीतली साखर वाहून जाऊ दे. मग बाहेर ठेवा, आधी सावलीत, हळूहळू उन्हात. खत नाही, कात्री नाही, कुंडी बदलणं नाही. आतली माती वरून बघून कळत नाही, म्हणून काडी खुपसून बघा आणि मगच पाणी घाला."

"केकमध्ये खुपसतो तशी?"

"तशीच. फक्त तुमची कोरडी निघाली की केक झाला. इथे कोरडी निघाली की तहान लागली."

एवढं त्याला कळलं. बेकरीच्या मागे रिकाम्या खोक्यावर झाड बसलं. रोज पाव निघाले की धाकटा काडी घेऊन मागे जाई, खुपसे, बघे आणि बहुतेकदा काहीही न करता परत येई. हे काहीही न करणं त्याला सर्वांत जड गेलं. बायको म्हणायची, "माझी चौकशी केलीत का कधी एवढी? रोज काडी घेऊन?"

"तुला काडी लागत नाही, तू आपण होऊन सांगतेस."

ऊन तापू लागलं आणि एका सकाळी हिरव्या बाजूच्या टोकांना पोपटी ठिपके दिसले. धाकट्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग त्याने बायकोला हाक मारली, आणि ती येईपर्यंत उगाचच टोपी काढून हातात धरली.

मास्तर यायचे त्या दिवशी त्याने कुंडी फिरवून वाळकी फांदी भिंतीकडे केली. झाड छान दिसत होतं. गाडीचं दार वाजलं तसा तो धावत मागे गेला आणि कुंडी पुन्हा होती तशी वळवली.

मास्तर काठी टेकत आले. खुर्चीत बसून त्यांनी झाड न्याहाळलं.

"भट्टीजवळ ठेवलंस."

"हो, मास्तर. फोनवर खोटं बोललो. मजेत नव्हतं."

"साखरपाणी?"

धाकट्याने मान डोलावली. मास्तरांचे खांदे हलू लागले. ते हसतायत हे कळायला त्याला वेळ लागला. त्यांना इतकं हसताना त्याने पाहिलंच नव्हतं.

"मी दूध घातलं होतं," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी अंगठा त्या जुन्या पांढऱ्या फांदीवरून फिरवला. "ही त्यानेच गेली. माझा पहिला हिवाळा."

विटकरी फांदी कापू का, असं त्याने विचारलं. "कापायची कशाला? सोल. पांढरी होऊन राहील." चाकू आणल्यावर मास्तरांनी तो हातात घेतला, धार अंगठ्याने पाहिली आणि चाकू परत त्याच्याच हाती दिला. हात मागे घेऊन ते बघत बसले. धाकटा जपून साल सोलू लागला.

बायको चहा आणि टोस्ट घेऊन आली. "म्हणजे दोन बेकरीवाल्यांनी मिळून बिचाऱ्याच्या दोन फांद्या खाल्ल्या," ती म्हणाली. "आता तिसऱ्याला जवळ येऊ देऊ नका."

"मास्तर," धाकटा मान वर न करता म्हणाला, "तुम्ही तेव्हा मला चपला काढायला सांगितलं नसतंत तर..."

"चहा निवतोय," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी बशीतला टोस्ट उलटून खालची बाजू नीट भाजली आहे का ते पाहिलं.