दोनशे रुपयांची हक्कसोड

सहादू गांगुर्डे माझ्या शेजारच्या टेबलावर दस्त लिहितो. नाशकात जमीन घेणारा माणूस नोंदणी ऑफिसात शिरण्याआधी त्याच्यासमोर बसतो आणि मुद्रांक शुल्क कमी कसं होईल, एवढंच विचारतो. माझं झेरॉक्सचं मशीन आहे. एकवीस वर्षं हे ऐकतेय, आणि स्पष्टच सांगते, डोकं फिरतं माझं. गंगापूर रोडचा बिल्डर पळवाट मागतो. सहादू चष्मा पुसत सांगतो, "आधी शेत म्हणून घ्या, बिनशेती नंतर करा." वर म्हणतो, कायद्यातच आहे. असतंच मेलं.

त्याचा खरा हात बसलाय तो हक्कसोडीवर. बापाच्या जमिनीतला हिस्सा बहिणीनं भावाला सोडायचा, स्टॅम्प दोनशे रुपयांचा. भाऊबीज झाली की नव्या साड्या नेसून बहिणी येतात, सह्या करतात, मिसळ खाऊन जातात. साडी भावाचीच असते. सहादूनं लिहिलेली पहिली हक्कसोड त्याच्या सख्ख्या बहिणीची, मंगलाबाईची. बापाचे मखमलाबादचे दहा गुंठे एका नावावर असले की कर्ज लवकर मिळतं, असं त्यानं तिला सांगितलं होतं. तिनं विचारलंही नाही, कसलं कर्ज.

यंदा जूनमध्ये ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. नवरा वारलेला, पंचवटीत भाजी विकते. घरमालक चाळ पाडणार, दसऱ्याच्या आत खोली रिकामी करायची होती.

"दादा, माझे पाच गुंठे दे मला. पत्र्याची खोली बांधते."

गिऱ्हाइकं बसलेली होती. सहादू नाही म्हणेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "देतो."

अडचण कायद्याच्या पुस्तकात निघाली. जमीन बायकोला, मुलाला, मुलीला, नातवाला बक्षीस दिली तर दोनशे रुपये. बहीण त्या यादीत नाही. आणि हक्कसोड उलटी फिरत नाही, ती हिस्सेदारालाच करता येते, मंगलाबाईचा हिस्सा तर कधीच सुटलेला. तिला द्यायची तर आजच्या सरकारी भावावर तीन टक्के, वर अधिभार, नोंदणी फी. सव्वादोन लाखांच्या पुढे. सहादूनं दोन दिवस पुस्तक चाळलं. तिसऱ्या दिवशी त्याचा चेहरा उजळला.

"मृत्युपत्र! शुल्क शून्य."

"मंग तू मरायची वाट बघू व्हय?" मंगलाबाई म्हणाली. "दसऱ्यापर्यंत मरशील का?"

"नक्की सांगता येत नाही," सहादू म्हणाला.

मी भडकलेच. "अरे, बिल्डरांचे लाखो वाचवतोस, आणि बहिणीसाठी हे?"

"वाट असती तर काढली असती, ताई. नाहीच आहे."

त्याला स्वतःचा गाळा घ्यायचा होता. त्यासाठी आठ वर्षं पैसे साठवत होता. ते त्यानं शुल्कात भरले. मला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला.

ऑगस्टमध्ये दोघं नोंदणी ऑफिसातल्या साहेबांपुढे बसले. साक्षीदार मीच.

"राजीखुशीनं बक्षीस देताय ना?" साहेबांनी विचारलं.

"देत नाही, साहेब. परत करतोय."

"तसा दस्त आमच्याकडे नाही. बक्षीसपत्रच म्हणावं लागेल."

सहादूनं सही केली. साहेबांनी कागद मंगलाबाईकडे सरकवला. "नशीबवान आहात, मावशी. आजकाल बहिणीला कोण देतं?"

तिनं सावकाश सही केली, पेन ठेवलं.

"मीबी दिलीच व्हती की, साहेब," ती म्हणाली. "तवा ह्याला कुनी नशीबवान म्हनलं नाय."