अट घालून दिलेली घोंगडी

सगुणाबाईवर अन्याय झाला तो बहात्तर सालच्या नाताळाच्या आठवडाभर आधीच्या रविवारी, उपासना संपल्यावर, आमच्याच देवळात, सगळ्या मंडळीच्या देखत. मिरजगावच्या अलीकडे दुष्काळी कामावर ती खडी फोडत होती. घरची जमीन होती, पण तीत काही उगवलं नव्हतं. सून कामावरच्या पालातच बाळंत झालेली. आमच्या मंडळीनं नाताळानिमित्त गरजू घरांसाठी घोंगड्या-लुगडी गोळा केली होती आणि बोलावणं सगळ्यांना होतं, म्हणून ख्रिस्ती नसूनही ती आली. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांनी घोंगडी तिच्या हातावर ठेवली, पण स्वतःचा हात काढला नाही. "नाताळाला उपासनेला येणार ना, बाई? पुढंही येत राहायचं. मग घ्या."

सगुणाबाईनं हात मागे घेतला. "लेकराला थंडी वाजतीया म्हून आले हुते. तुमच्या देवाला वाजत असंल तर त्यालाच पांघरा." एवढं बोलून ती चालती झाली.

माझ्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा गाव म्हणालं, भाकरीसाठी बाटला. जन्मभर त्यानं हे ऐकून घेतलं, कारण ते खोटं होतं. आता आमचेच पंच ते खरं करून दाखवायला निघाले होते. मी त्याच दुपारी या अटीविरुद्ध पत्रक लिहिलं, सायक्लोस्टाइल केलं आणि देवळाच्या दारात वाटलं. पंचांनी वाचलं आणि म्हणाले, "शाई बरी आहे रे पोरा." दुसऱ्या दिवशी मी माझी घोंगडी घेऊन पालावर गेलो, तर सगुणाबाईनं तीही घेतली नाही. "ने माघारी, बाबा. आज तू देशील, उद्या तुजा पंच इचारायला यील." त्या आठवड्यात मी प्रार्थना सोडली. देवाला एवढंच विचारलं, की तुझ्या घरात तुझं काही चालतं का, का तुलाही पंचांना विचारावं लागतं? 

नाताळाच्या पहाटे आमच्याकडे गाण्याची फेरी निघते. ख्रिस्ती घरांपुढे गायचं आणि दारात जे हातावर ठेवतील ते खायचं, नाही म्हणायचं नाही. ढोलकी माझ्याकडे, म्हणून राग गिळून गेलो. पुढे कंदील घेऊन मार्थामावशी, मंडळीतली सगळ्यात म्हातारी विधवा. पाळकसाहेबांच्या घराचं वळण आलं तेव्हा ती न थांबता खडीच्या कामाकडे वळली.

"मावशी, इकडं," पंच म्हणाले.

"नाताळाला लेकरू जन्मलंय तिथंच जात्यात ना? का मीच चुकतीया?"

पंचांसकट आम्ही तिच्या मागे गेलो.

पालापुढे गाणं सुरू केलं, पण बाहेर कुणी आलं नाही. मावशी वाकून आत गेली. लेकरू गार पडलं होतं, दूध ओढत नव्हतं, रडतही नव्हतं. सून नुसती बसून होती. सगुणाबाई मधे आडवी आली. दुष्काळाआधी हिच्याच दारात मावशीला शिवायचं नाही म्हणून पाणी वरून ओतलं गेलं असतं, हे दोघींनाही माहीत होतं. "आन हिकडं," मावशी म्हणाली. "माज्या छातीत अजून ऊब हाय." सगुणाबाईनं लेकरू तिच्या हातात दिलं.

आम्ही गात राहिलो, कारण थांबा असं कुणी म्हणालं नाही. मी ढोलकी वाजवत होतो आणि माझ्या ध्यानात आलं, की मी प्रार्थना करतोय. तिच्यात ना मागणी होती, ना मुद्दा. फक्त तूच बघ, एवढंच. उजाडता उजाडता आतून रडणं आलं, आधी बारीक, मग चांगलं खणखणीत.

मावशीनं अंगावरचं पांघरूण लेकराला गुंडाळलं. "ह्ये दान न्हाई बये, बाळंतविडा हाय. बाळंतविड्याला कुनी अट घालतं का?" सगुणाबाई नाही म्हणाली नाही. बाहेर येऊन तिनं रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचे तुकडे आमच्या हातांवर ठेवले. पंचांपाशी आल्यावर म्हणाली, "खावा. तुमाला काय इचारत न्हाई." पंचांनी मान खाली घालून तुकडा खाल्ला.

याला चमत्कार म्हणायचं की नाही, यावर मी वाद घालत नाही. माझ्या पत्रकानं एक दगड हलला नव्हता. ज्यानं हलवला त्याचे मी आभार मानतो. त्याला शरण जायचं ते त्या पहाटे शिकलो. पंचांना शरण जायचं मात्र अजून शिकलेलो नाही आणि शिकणार नाही. पुढच्या रविवारी मी भर उपासनेत उभा राहिलो, मावशीही उभी राहिली, आणि आमच्या मंडळीतली ती अट गेली.

तुमच्या मंडळीत ती आहे का? असेल तर येत्या रविवारी डोळे मिटून बसू नका. उभे राहा, ती अट कुणी घातली ते नाव घेऊन विचारा, आणि ती काढल्याशिवाय खाली बसू नका.