दाराआडचा हात

इलाही शिकलगार गल्लीत शिरला की पोरं ओरडायची, "सुईवाला आला रं!" आणि पारावरचे म्हातारे म्हणायचे, "बापानं जन्मभर आमच्या विळ्यांना धार लावली, आता ल्योक आमच्याच बोटांवर हात चालवतोय." इलाही हसायचा आणि सायकल भिंतीला टेकवायचा.

हिवताप खात्याच्या नोकरीत कोरेगावच्या पट्ट्यातली गावं तो पालथी घालायचा. कुणाला ताप आलाय म्हटलं की डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट स्पिरिटनं पुसायचं, टोचायचं, पहिला थेंब टिपून टाकायचा. मग काचेवर एक जाड ठिपका, आणि शेजारी दुसऱ्या काचेच्या कडेनं ओढलेला पातळ पदर. वाळेस्तोवर माश्या हाकत बसायचं, कारण मेल्या माश्यांना रक्त गुळाहून गोड. वाळलं की त्यावर शिसपेन्सिलीनं नाव-नंबर कोरायचा आणि काच कागदात गुंडाळून तपासायला साताऱ्याला धाडायची.

नसबंदीचं साल होतं. सरकारी पिशवी दिसली की बाप्ये उसात पळायचे आणि बाया दार ओढून घ्यायच्या. फार झालं तर दाराआडून हात बाहेर काढायच्या. तोंड दिसायचं नाही, नुसता हात. इलाहीनंही ती रीत कधी मोडली नव्हती. परक्या बाईचं तोंड बघायचं कशाला? बोट मिळालं की झालं.

चंद्राबाईच्या दारात तो गेला तेव्हा ती सूप घेऊन ज्वारी पाखडत बसली होती. तिचा ज्ञानू पलटणीत, लांब आसामात. घरात ती आणि पोटुशी सून बनू, दोघीच.

"काकी, सुनंला थंडीताप हाय म्हणं."

"कोण म्हणतंय?"

"आडावर बाया बोलत हुत्या. एक दिसाआड हुडहुडी भरतीया म्हणं. थेंबभर रगात घिऊ द्या."

"पोटुशीचं रगात?" चंद्राबाईनं सूप खाली आपटलं. "दोन जिवांचं हाय ते. जनाची न्हाई तर मनाची ठेव जरा."

"दोन जिवांचं हाय म्हणून तर घाई. हिवताप असंल तर दोन्ही जिवांवर बेतंल, काकी."

ती उठली, आत गेली, दार लोटलं. जरा वेळानं फटीतून हात आला.

इलाहीनं बोट धरलं आणि तो थबकला. ताप असलेला हात टोचणाऱ्याला शिवल्याबरोबर कळतो. हा गार होता, आडाच्या पाण्यासारखा. पेरांवर उसाच्या पाल्याचे जुने चरे.

"काकी, हात तुमचा हाय."

 दाराआडून आवाज आला, "माझं काय आन् तिचं काय! एकाच चुलीचं खातोय न्हवं आमी?"

"तसं चालत न्हाई. तिचंच पायजे."

आतून बाजेवरून बारीक आवाज आला, "घिऊ द्या की वो आत्याबाई. लय थंडी वाजतीया."

"तू गप पड गं!" आणि मग दाराच्या फटीत चंद्राबाईचा एकच डोळा. "सुनंचा हात धरायची लय हौस आलीया व्हय रं, शिकलगारा? बोलवू भावकीला? बसल्यात समदी पारावर."

इलाहीनं मागं वळून पाराकडं पाहिलं. भावकी आली तर कोण काय विचारणार होतं? सायकल पुढच्या गावाला पोचायच्या आधी गोष्ट पोचली असती, आणि मग मुसलमानाच्या पोराला कुठलं दार उघडणार? रिकाम्या हातानं परत गेला तर सुपरवायझर बोलणार, तापाचं घर सोडलंस कसं? हिवतापाच्या गोळ्या तरी पोरीच्या पोटात जातील, असं त्यानं मनाला समजावलं. आणि तो गार हात टोचला.

काच वाळली. त्यानं तिच्यावर बनूचं नाव घातलं.

"ह्या चार गोळ्या. आत्ता, माझ्यासमोर गिळू द्या."

"देते की. तू काय पाजायला बसणार हायस?"

गोळ्या आत गेल्या त्या न्हाणीच्या पाण्याबरोबर परसात वाहून गेल्या. उष्ण पडतील, पोट पडंल, असं चंद्राबाई शेजारणीला सांगत होती, ते बऱ्याच वर्षांनी गावाला कळलं.

साताऱ्याहून काचेचा निकाल आला. हिवतापाचा दोष नाही. ताप उतरेना म्हणून बनूला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी तोच निकाल पाहिला आणि टायफॉईडचं औषध सुरू केलं. इलाहीला कळलं तसा तो सायकल हाणत गेला.

"साहेब, पुन्यांदा रगात घिऊया तिचं."

"कशाला? तुम्हीच घेतलंय ना?"

"व्हय, पर..."

"पण काय? नीट घेतलं नव्हतं?"

पडद्याशी चंद्राबाई उभी होती. इलाहीनं तिच्याकडं पाहिलं, डॉक्टरांकडं पाहिलं. खोटी काच केली म्हणायचं, तर उद्यापासून घरी बसायचं.

"नीटच घेतलं, साहेब."

"मग जा. माझा वेळ खाऊ नका."

दिवस उजाडायच्या आत बनू गेली. पोटातलं पोटातच राहिलं.

ज्ञानू रजा काढून आला तोवर दहावं उरकलं होतं. त्यानं इलाहीला घरी बोलावून घेतलं, घोंगडं अंथरून बसवलं. पलटणीतला गडी, ताठ बसायचा. 

"इलाहीभाऊ, गावात कोणकोण बोलतंय, रगात काढल्यानं पोरगी खचली. माझा इस्वास न्हाई. आमच्यात पलटणीत ताप आला की आधी रगात बघत्यात. तवा तुमीच सांगा. तिचं रगात तुमी घेतलं हुतं न्हवं?"

इलाहीनं चुलीकडं पाहिलं. एक शब्द, नाही. तेवढा निघाला तर माय-लेकाचं नातं तुटणार, आणि त्याची भाकरीही. चुलीपुढं चंद्राबाईचा हात कपावर थांबला होता.

"घेतलं हुतं," इलाही म्हणाला.

"मग झालं. तुमी तुमचं काम केलं. तिचं नशीबच खोटं." ज्ञानूनं त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "लय उपकार झालं. बाकी कोण आलं हुतं तिच्यासाठी?"

चंद्राबाईनं चहा आणून पुढं ठेवला. इतक्या वर्षांत या घरात त्याला चहा कधी विचारला नव्हता. ती तिथंच उकिडवी बसून राहिली, तो पिईपर्यंत.

"साखर बरुबर हाय न्हवं, इलाहीभाऊ?"

"बरुबर हाय, काकी," इलाही म्हणाला, आणि त्यानं कप तळापर्यंत संपवला.